पूर्वेला काय दिसतंय

त्या आठवड्यात कोयंड्यांच्या घरात चहासुद्धा आईच्या मार्फत मागितला जात होता.

"आये, माका चाय होयी म्हणान सांग तिका," सर्वेश म्हणायचा. ती म्हणजे पूर्वा, त्याची बायको, दोन हातांच्या अंतरावर ओट्यापाशी उभी असायची.

"आई, त्याला सांगा, कप समोरच ठेवलाय," पूर्वा मागे न बघता म्हणायची.

"मी काय तुमचो पोस्टमन आसंय?" असं म्हणून शुभदाबाई कप उचलून मुलाच्या हातात द्यायच्या.

अबोल्याचं कारण साधं होतं. सर्वेश टगबोटीवर सारंग होता. माल लादलेले बार्ज ओढणाऱ्या त्या बुटक्या, दणकट बोटी चालवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. विजयदुर्गजवळच्या नव्या जहाज-दुरुस्तीच्या कारखान्यात त्याच्यासाठी पूर्वाने जागा शोधली होती. मुलाखत झाली, बोलावणं आलं, आणि सर्वेश म्हणाला, "दिवाळीनंतर बघूया." मग म्हणाला, "माका जमिनीर झोप येना नाय, पूर्वा." त्यावर पूर्वा म्हणाली, "मग लग्न कशाला जमिनीवर केलंस?" बोलून गेल्यावर तिला ते जरा जास्तच लागट वाटलं, पण मागे घ्यावं इतकं नाही. तोही गप्प झाला.

पूर्वा मूळची चिपळूणची. लग्न होऊन देवगडला आली आणि किल्ल्यापलीकडच्या टेकडीवरच्या सागरी संपर्क केंद्रात नोकरीला लागली. केंद्रात दोनच टेबलं होती, उत्तर पट्ट्याचं आणि दक्षिण पट्ट्याचं. दक्षिणेच्या टेबलावर दिवसपाळीला पूर्वा असायची, हे त्या किनाऱ्यावरच्या सगळ्या सारंगांना माहीत होतं. तिचा आवाज मात्र आता कामाच्या वेळी त्यांतल्या कोणाला ऐकू येत नसे. कारण तिथे माणसाचा आवाज वापरतच नसत. तिथे 'सुवाणी' होती.

सुवाणी येण्याआधीचे दिवस पूर्वाने पाहिले होते. एका वाहिनीवर ओडिशाचा मच्छीमार, कोरियाचा कप्तान आणि मालवणचा सारंग मोडक्यातोडक्या इंग्रजीत ओरडत असायचे. त्यात वारा, इंजिनाची घरघर आणि लाटांचा मार. "पुन्हा सांगा, पुन्हा सांगा" करण्यात वेळ जाई, आणि तेवढ्यात बोट बुडे. कितीतरी अपघात दिशा चुकल्याने नव्हे, तर समोरच्याचं बोलणं न कळल्याने झाले होते.

सुवाणीने आवाज पाठवणंच बंद केलं. बोटीच्या केबिनमधलं यंत्र आधी वाऱ्यातून माणसाचं बोलणं वेगळं काढी. मग त्यातला अर्थ ओळखी. कोणती बोट, कुठे, काय झालं, किती माणसं, काय हवं. तो अर्थ इवल्याशा पाकिटात बांधला जाई, आणि समोरून पोच मिळेपर्यंत तेच पाकीट उपग्रहामार्फत नाहीतर किनाऱ्यावरच्या मनोऱ्यामार्फत पुन्हा पुन्हा पाठवलं जाई. वादळात आवाजाच्या चिंध्या होतात, पण इतकं छोटं पाकीट कुठून ना कुठून पोचतंच. पलीकडचं यंत्र ते उघडून ऐकणाऱ्याच्या भाषेत बोले. कोरियन कप्तानाला कोरियन ऐकू येई आणि पूर्वाला मराठी.

बोलणारा कोणीही असो, पलीकडे आवाज मात्र एकच ऐकू येई. तो धड बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता. तरुण नाही, म्हातारा नाही. हे मुद्दाम केलेलं होतं. सुरुवातीच्या चाचण्यांत खरे आवाज ठेवून पाहिले, तेव्हा किंकाळी ऐकून समोरचा गडबडे, उच्चार ऐकून कोणी कपाळाला आठ्या घाली, बाईचा आवाज आला की कोणी दोनदा खात्री करून घेई. सगळ्यांना एकच शांत आवाज दिल्यावर माणसं भराभर आणि नेमके निर्णय घेऊ लागली. बुडणारी माणसं वाचू लागली.

पूर्वाला सुवाणी आवडायची. जुन्या काळात एका जळत्या बोटीवरची किंकाळी तिने ऐकली होती आणि नंतर कित्येक दिवस तिला जेवण गेलं नव्हतं. सर्वेश मात्र थट्टा करायचा. "तुझा यंत्र माका पुण्याचो करून टाकता," म्हणायचा.

ऑक्टोबरचा शेवट होता. अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा उत्तरेला सरकेल असा अंदाज होता, तो सरकला नाही. त्या सकाळी पूर्वा निघाली तेव्हा सर्वेश मागच्या पडवीत दात घासत होता. एरवी ती "येते रे" म्हणायची. त्या दिवशी आईंना "येते" म्हणाली आणि स्कूटर काढली.

केंद्रात शिरताना फोन दाराजवळच्या कपाटात ठेवायचा नियम होता. तिने ठेवला.

दुपारचं जेवण उरकून ती टेबलाशी बसली, आणि तो सपाट आवाज कानात बोलला.

"मी टग वरदा. बार्जचा दोर तुटून पंख्यात अडकला आहे. इंजिन बंद. इंजिनरूममध्ये पाणी शिरत आहे. माणसं पाच."

पडद्यावर वरदाची माहिती उघडली. रेडीहून जयगडला बंधाऱ्याचे दगड घेऊन निघालेली. सारंग, यशवंत मोंडकर. पूर्वा वरदाला ओळखत होती. ती सर्वेशच्याच कंपनीची टगबोट. सर्वेश रजेवर आहे, घरी आहे, हे आठवून तिला क्षणभर बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचं वाईटही.

"वरदा, संदेश मिळाला," ती म्हणाली. "मदत पाठवतेय. सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातलीत का?"

"होय."

हेलिकॉप्टर त्या वाऱ्यात उडणार नव्हतं. सर्वांत जवळ 'होआ सेन' नावाचं व्हिएतनामी धान्यवाहू जहाज होतं. पूर्वाने त्याच्या कप्तानाला परिस्थिती सांगितली. उत्तर लगेच आलं, त्याच आवाजात.

"वळतो आहे. वरदाच्या वाऱ्याकडच्या बाजूला आडवा उभा राहीन, म्हणजे तिला आडोसा मिळेल. मला तिची जागा सारखी कळवत राहा."

जागा कळवणं अवघड होऊन बसलं. वरदाचा डोलखांब कोसळला आणि त्यावरचं जागा दाखवणारं यंत्र पाण्यात गेलं. आता केबिनमधून कोणी बोललं, तरच सुवाणीची पाकिटं निघत होती, आणि त्या पाकिटांवरूनच बोट कुठे वाहत चालली आहे ते कळत होतं.

"तिघे तराफ्यात उतरले, चौथा उतरणार आहे. तराफा बोटीला बांधला आहे," आवाज म्हणाला.

"पाचवा?"

"मीच पाचवा."

"तुम्हीही उतरा."

"मी उतरलो तर जहाजाला आमची जागा कळणार नाही. एवढ्या लाटांत तराफा दिसत नाही. जहाज दिसेपर्यंत मी बोलत राहतो."

पूर्वाने पडद्याकडे पाहिलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. केंद्राच्या नियमात अशा वेळी बोलणाऱ्याला आग्रह करायचा नाही, निर्णय बोटीवरच्या माणसाचा, असं होतं. तरी ती म्हणाली, "बोट कलायला लागली की क्षणभरही थांबू नका."

"ठीक आहे."

मग थोडा वेळ तो बोलत राहिला. पाणी किती चढलं, वारा कुठून आहे, कल किती आहे. पूर्वा प्रत्येक वेळी जागा होआ सेनला कळवत होती. मध्येच एक वेगळाच शब्द आला.

"पूर्व."

पडद्यावर त्या शब्दाखाली पिवळी रेघ उमटली. संदर्भ अपुरा असला की यंत्र अशी रेघ ओढत असे.

"पूर्व. ऐकू येतंय का? पूर्व."

होआ सेन पश्चिमेकडून येत होतं. पूर्वेला किनारा होता आणि त्याच्या अलीकडे खडक. बोट खडकांकडे चालली आहे की काय, असं पूर्वाच्या मनात आलं.

"वरदा, ऐकू येतंय," ती म्हणाली. "पूर्वेला काय दिसतंय?"

उत्तराला थोडा उशीर लागला.

"पूर्वेला वस्ती दिसते आहे."

म्हणजे किनारा जवळ आला होता. तिने होआ सेनला उथळ पाण्याची सूचना दिली. कप्तान म्हणाला, "माझ्याखाली पाणी पुरेसं आहे. पुढे येतो."

आणखी दोन वेळा वरदा बोलली. मग म्हणाली, "जहाज दिसलं. मी उतरतो."

त्यानंतर पाकिटं थांबली. "वरदा, बोला," पूर्वा म्हणत राहिली. थोड्या वेळाने होआ सेनचा कप्तान बोलला, अगदी वरदा बोलली त्याच आवाजात.

"तराफ्यातले चौघे वर घेतले. टगबोट उलटली आहे. पाचवा माणूस दिसत नाही."

"शोध चालू ठेवा," पूर्वा म्हणाली.

तिची पाळी संपली तेव्हा शोध चालूच होता. बदलीवर आलेल्या शिंत्र्यांना तिने सगळं समजावलं. मोंडकरांच्या बायकोला ती ओळखत होती. जत्रेत भेट व्हायची. तिला आपणच जाऊन सांगावं, फोनवर नको, असं ठरवून ती बाहेर आली. कपाटातून फोन काढला. सासूबाईंचा सकाळी ठेवलेला निरोप होता. तिने कानाला लावला.

"गो पूर्वा, वरदा देवगडाक लागली, मोंडकराक ताप इलो म्हणान तेच्या जाग्यार सर्वेश गेलो. माका सांगल्यान, तिका सांग. आता मी सांगलंय. परवा येतलो. आज आपण दोघीच, भात थोडोच टाकतंय."

पूर्वा पुन्हा आत गेली. शिंत्रे कानाला यंत्र लावून बसले होते. त्यांनी वर पाहिलं.

"शिंत्रे," ती म्हणाली, "पाचवा मोंडकर नाही."

सर्वेश तिसऱ्या दिवशी मिठमुंबरीच्या किनाऱ्याला लागला.

लोक आले, गेले. वाडीतल्या बायकांनी घर सांभाळलं. शुभदाबाई पहिल्या दिवशी खूप रडल्या आणि मग एकदम थांबल्या. पूर्वा रडलीच नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तो शेवटचं बोलला ते माझ्याशी, आणि मी ते ऐकलंच नाही.

दिवसकार्य झाल्यावर सुवाणी बनवणाऱ्या संस्थेतून इरावती नाडकर्णी देवगडला आल्या. यंत्राला माणसाचं बोलणं कळतं ते त्यांच्या कामामुळे. केंद्राचा अहवाल घेण्यासाठी त्या आल्या होत्या, पण आधी पूर्वाच्या घरी आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत, खाली सतरंजीवर तिच्यासमोर बसल्या.

"मला त्याचा आवाज हवाय," पूर्वा म्हणाली. "त्या दुपारचा. वाऱ्यात, तुटका, कसाही असला तरी चालेल."

इरावतीबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"तो नाहीये, पूर्वाताई. बोटीवरचं यंत्र आवाज ऐकतं, अर्थ काढतं आणि आवाज टाकून देतं. साठवायला लागलो तर यंत्र मंदावतं, म्हणून पहिल्यापासूनच ते ठेवलं नाही. केंद्रापर्यंत आवाज येतच नाही. म्हणजे तुमच्याकडे जे आलं ते..."

"ते तुमचं बोलणं होतं. त्याचं नव्हतं."

"त्यांचंच होतं. आवाज आमचा होता," इरावतीबाई म्हणाल्या. मग हळूच पुढे म्हणाल्या, "मी तुम्हाला काहीतरी देऊ शकले असते तर दिलं असतं. त्यांच्या जुन्या बोलण्यावरून तसा आवाज तयार करून..."

"नको," पूर्वा म्हणाली. "बनवलेला नको."

महिना संपत आला तेव्हा बस्त्याव डिसोजा घरी आला. हा वरदाचा इंजिन ड्रायव्हर, वयाने साठीकडे झुकलेला. बरगड्या मोडल्या होत्या, म्हणून रत्नागिरीच्या दवाखान्यात पडून होता. सर्वेशबरोबर त्याने कितीतरी खेपा केल्या होत्या. शुभदाबाईंनी त्याला घरापुढच्या खळ्यात खुर्ची दिली. तो काठी धरून बसला.

"वयनी," तो पूर्वाला म्हणाला, "मी शेवटाक उतरलंय. केबिनच्या दारात होतंय. तो बोलत होतो ता सगळा मी आयकलंय. तुमका सांगूक होया म्हणान इलंय."

पूर्वा उंबऱ्यावर बसली.

"आधी तो काय काय सांगत होतो, पाणी खय इला, वारो खयसून आसा. मगे माका म्हणालो, बस्त्याव, थयसर टेबलार आता पूर्वा आसा. दिवसपाळी तिची. मी म्हटलंय, मगे हाक मार तिका. तो म्हणालो, ती माझ्याशी बोलना नाय." बस्त्याव जरासा हसला. "तरी मारल्यान हाक. 'पूर्वा' म्हणालो. मगे परत, 'आयकतंस मा गो पूर्वा?' म्हणान."

पूर्वाने उंबऱ्याची कड धरली.

"आणि तुम्ही जाब दिलात," बस्त्याव म्हणाला. "तो यंत्राचो आवाज, पण बोलणा तुमचा. ऐकू येतंय म्हणालात, आणि विचारलात, पूर्वेला काय दिसतंय. तो माझ्याकडे बघून असो हसलो. म्हणालो, बघ, ड्युटीर आसा म्हणान सरळ बोलूक गावना नाय तिका, म्हणान असा विचारता. राग गेलो तिचो. आणि मगे यंत्रात म्हणालो, 'घर दिसता, पूर्वा. आपला घर दिसता.'"

शुभदाबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"मगे माका उतार म्हणालो. मी उतरलंय." बस्त्याव थांबला. "वयनी, तो खुशीत होतो. माका वाटला, ह्या तुमका कळाक होया."

"हो," पूर्वा म्हणाली.

यंत्राला माणसांची नावं लागत नाहीत. नाव म्हणजे माहिती नव्हे, म्हणून ते गाळतं. पण तिचं नाव एका दिशेसारखं होतं, म्हणून ते दिशा होऊन आलं. आणि घर हा काही समुद्रावरचा शब्द नाही, म्हणून त्याची वस्ती झाली. हे सगळं पूर्वाला तिथेच उंबऱ्यावर उलगडलं. सर्वेशने अबोला सोडला होता. तिने तो सोडला असं त्याला वाटलं होतं. तिने मात्र खडकांची चौकशी केली होती.

त्या दिवसापासून शुभदाबाई जरा खाऊ लागल्या. कोणी भेटायला आलं की सांगायच्या, "शेवटाक तिच्याशी बोललो तो. घर दिसता म्हणालो." ऐकणाऱ्या बायका पूर्वाकडे वेगळ्याच नजरेने बघत. नवरा बुडतोय हे माहीत असून जिने आवाज चढू दिला नाही, काम सोडलं नाही, चौघांना वाचवलं, ती ही. एका वर्तमानपत्रात तसं छापूनही आलं. पूर्वा घरात असली की आत निघून जायची. सासूबाई रात्रीच्या शांत झोपू लागल्या होत्या, त्यांच्यापाशी तिचं तोंड उघडत नव्हतं.

ती कामावर परतली. पहिल्याच दिवशी आचऱ्याची एक होडी हवामान विचारायला बोलली. "वारा वाढेल का?" सुवाणीने विचारलं. "मीच पाचवा" म्हणणारा आवाज हाच होता. त्यानंतर एका तेलवाहू जहाजाने वाट विचारली, त्याच आवाजात. दिवसभर तोच बोलत होता. बंदराची जागा मागत होता, डिझेल संपल्याचं सांगत होता, आभार मानत होता. तिने प्रत्येकाला उत्तर दिलं. संध्याकाळी घरी आली आणि स्कूटरवरच बसून राहिली. सासूबाईंनी हाक मारल्यावर आत गेली.

जानेवारीत रत्नागिरीला चौकशी समिती बसली. सुवाणी यापुढे लहानात लहान मासेमारी होडीलाही सक्तीची करावी का, हे तिथे ठरणार होतं. वरदाची घटना त्यांच्यापुढे यशाचं उदाहरण म्हणून होती. दालन भरलेलं होतं. मच्छीमार सोसायट्यांची माणसं होती, कॅमेरे होते. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी पूर्वाला अदबीने बसायला सांगितलं.

"श्रीमती कोयंडे, आपल्या धैर्याची माहिती आम्हा सर्वांना आहे," ते म्हणाले. "आपले पती त्या बोटीवर आहेत हे कळूनही आपण जराही विचलित झाला नाहीत. समिती आपला गौरव करण्याची शिफारस करणार आहे. त्याआधी या यंत्रणेविषयी आपलं मत ऐकावं, अशी इच्छा आहे."

पूर्वा उभी राहिली. पहिल्या रांगेत इरावतीबाई बसल्या होत्या. मागे बस्त्याव काठी घेऊन आला होता. त्याच्याकडे तिचं लक्ष गेलं आणि तिला वाटलं, आपण आभार मानून बसावं. हे सगळं असंच राहू द्यावं. आईंना झोप लागतेय.

"मला कळलं नव्हतं," ती म्हणाली.

अध्यक्ष थोडे पुढे झुकले. "म्हणजे?"

"बोटीवर माझा नवरा आहे हे मला माहीत नव्हतं. पडद्यावर दुसऱ्या सारंगाचं नाव होतं. त्याने मला नावाने हाक मारली, ती माझ्यापर्यंत दिशा म्हणून आली. मी त्याला विचारलं, पूर्वेला काय दिसतंय. त्याला वाटलं मी त्याच्याशी बोलतेय. मी त्याच्याशी बोलत नव्हते. मी वरदाशी बोलत होते."

अध्यक्षांनी हातातला कागद बाजूला ठेवला.

"मग आपलं म्हणणं असं की ही यंत्रणा सदोष आहे?"

"नाही," पूर्वा म्हणाली. "जुन्या यंत्रावर मला त्या वाऱ्यात एक शब्द ऐकू आला नसता. बस्त्यावकाका इथे बसलेत ते सुवाणीमुळे. ती काढू नका. होड्यांना द्या, सगळ्यांना द्या. फक्त बोलणाऱ्याचा खरा आवाज थोडा तरी येऊ द्या. सुरुवातीला एखादं वाक्य. तुटलेलं आलं तरी चालेल."

अध्यक्षांनी इरावतीबाईंकडे पाहिलं. त्या उठल्या.

"करता येईल," त्या म्हणाल्या. "पण आवाजाला जागा खूप लागते. वादळात एका बोटीचा आवाज येत असेल तेवढा वेळ दुसऱ्या बोटीची पाकिटं खोळंबतील. त्यात कोणाचा तरी जीव जाऊ शकतो. हे मला सांगायलाच हवं."

"मला माहीत आहे," पूर्वा म्हणाली. "मी त्या टेबलावर बसते. एखाद दिवशी त्या खोळंब्यात माझ्या हातून माणूस जाईल आणि मला वाटेल, आपण हे मागायला नको होतं. तरी मागतेय."

समितीने नंतर कळवू असं सांगितलं. गौरवाचा विषय पुन्हा निघाला नाही. बाहेर आल्यावर बस्त्याव तिच्याजवळ आला. म्हणाला, "माझी चुकी झाली, वयनी. मी सांगूक नको होतंय."

"नाही काका," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत म्हणून मला ते मिळालं. नाहीतर माझ्याकडे काहीच नव्हतं."

देवगडला पोचेपर्यंत दिवस मावळतीला आला होता. शुभदाबाई खळ्यात पाटावर बसून कोकमाची सोलं निवडत होत्या. आत टीव्ही चालू होता, पण आवाज बंद केलेला. पूर्वाला कळलं की त्यांनी पाहिलं आहे. ती चप्पल काढून त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

शुभदाबाईंनी निवडता निवडता विचारलं. "मगे तो कोणाशी बोललो?"

"माझ्याशीच, आई."

"तू तर म्हणालंस, तुका कळाक नाय."

"मला नाही कळलं. त्याला कळलं होतं."

शुभदाबाईंचे हात थांबले. त्या रागावतील, उठून जातील, असं पूर्वाला वाटलं. त्या तशाच बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "काय काय बोललो तो, ता सगळा सांग माका. पयल्यापासून. बस्त्यावान सांगल्यान ता नको. तुझ्या कानात इला ता सांग."

"आई, ते यंत्राचं बोलणं आहे. त्याच्यासारखं नाही वाटत ते."

"तू सांग."

पूर्वाने सांगायला सुरुवात केली. "तो म्हणाला, बार्जचा दोर तुटून पंख्यात अडकला आहे."

शुभदाबाईंनी मान हलवली. "तो असा म्हणाचो नाय. 'दोर तुटलो नि मेलो पंख्यात गावलो,' असा म्हणालो आसतलो."

पूर्वाने त्यांच्याकडे पाहिलं. सर्वेश दोराला, इंजिनाला, स्कूटरला, सगळ्यालाच 'मेलो' म्हणायचा.

"इंजिनरूममध्ये पाणी शिरत आहे," ती म्हणाली.

"'इंजनात पाणी इला.'"

"मी विचारलं, लाइफ जॅकेट घातलीत का. तो होय म्हणाला."

"'व्हय' म्हणालो आसतलो. आणि स्वतः घालूक नसतलो. मगे घातल्यान आसतला."

असं एकेक वाक्य होत गेलं. पूर्वा तो सपाट शब्द सांगायची, आणि त्याच्या आईच्या तोंडून तो सर्वेशचा होऊन यायचा. कुठे शुभदाबाई अडायच्या, दोन-तीन तऱ्हांनी म्हणून बघायच्या, मग एक पक्की करायच्या. तराफ्याचं झालं. पाचव्या माणसाचं झालं. हाक मारली तिथे दोघीही थोड्या थांबल्या, आणि पूर्वाने आपला प्रश्न सांगितला. शुभदाबाईंनी त्याचं उत्तर दिलं, बस्त्यावने सांगितलं तसंच, त्यात एका शब्दाचाही बदल न करता. सोलं दोघींच्या मध्ये तशीच पडून होती. शेजारच्या घरात दिवा लागला.

"मग म्हणाला, जहाज दिसलं. मी उतरतो," पूर्वा म्हणाली. "त्यानंतर काही नाही."

शुभदाबाईंनी बराच विचार केला. एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या,

"'जहाज दिसला गो. उतरतंय मी.'"

पूर्वाने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा ती रडली. शुभदाबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या, आणि तेवढंच वाक्य परत परत म्हणत राहिल्या.